पाठीतील सुई आणि विजेचे मोजमाप



एखादे मूल तीव्र तापाने फणफणलेले आहे, त्याची मान ताठ झाली आहे, उजेड डोळ्यांना सोसवत नाही, मधूनच ते असंबद्ध बोलू लागते. पेडणे वा डिचोलीसारख्या तालुक्यातून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले जाते आणि डॉक्टर तपासून सांगतात, ‘‘पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल.’’ हे वाक्य कानी पडताच घरच्या मंडळींच्या चेहऱ्याचा रंग उडतो. आजी म्हणते, ‘‘पाठीत सुई नको, पोर जन्माचे पांगळे होईल.’’ चुलते सांगतात की, अमक्याच्या सुनेला बाळंतपणात पाठीत सुई दिली, त्या दिवसापासून तिने जी कंबर धरली आहे ती अद्याप सोडलेली नाही. संमतीपत्र सहीवाचून तसेच पडून राहते, आणि तास उलटत जातात.

मेंदूच्या आवरणाला दाह झाला आहे किंवा नाही, झाला असल्यास तो कोणत्या जंतूमुळे, आणि कोणते औषध किती दिवस द्यावयाचे, याचा निर्णय बव्हंशी त्या पाण्याच्या थोड्या थेंबांवर अवलंबून असतो. संशय दाट असला तर डॉक्टर त्याची वाट न पाहता औषध सुरू करतात हे खरे. परंतु नेमके निदान झाले नाही तर ते औषध अंधारात मारलेल्या दगडासारखे असते. या आजारात उशीर झाला तर मूल दगावू शकते. वाचले तरी त्याला बहिरेपण किंवा बुद्धीचे पंगुत्व येऊ शकते. १९८०च्या दशकाच्या आरंभी गोव्यात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण आढळले होते, त्या काळाची आठवण जुन्या मंडळींना असेल. म्हणजे हा प्रश्न दूरच्या देशाचा नाही.

लोकांच्या या भीतीला हसून चालणार नाही. सुई शरीरात शिरल्यावर तिचे टोक कोणालाच दिसत नाही. ती घालणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचे भय वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्या न दिसणाऱ्या टोकाला काही सांगता यावे, यासाठी विजेच्या मोजमापाचा उपयोग कसा केला जातो, हा आजच्या भाषणाचा विषय होय. तथापि त्यापूर्वी ती सुई मुळात कोठे जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पाठीच्या कण्याच्या पोकळीत मज्जारज्जू असतो, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परंतु हा रज्जू कण्याच्या अगदी तळापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली असते ती द्रवाने भरलेली एक पिशवी आणि तीत तरंगणारा मज्जातंतूंचा झुपका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून वैद्यकशास्त्राने त्याला ‘अश्वपुच्छ’ असे नाव दिले आहे. डॉक्टर सुई घालतात ती कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या, अथवा चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील फटीतून, म्हणजे जेथे रज्जू नाहीच अशा जागी. विहिरीत सोडलेल्या दोराला काठी लागली तर दोर बाजूला सरकतो. द्रवात तरंगणारे ते तंतूही बहुधा तसेच सुईपुढून बाजूला होतात. अर्भकांमध्ये रज्जू थोडा अधिक खाली उतरलेला असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत जागा अधिक काळजीने निवडावी लागते.

त्वचेपासून त्या द्रवापर्यंतची वाट फार लांब नाही, पण ती अनेक थरांतून जाते. प्रथम त्वचा, मग चरबी, मग मणक्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारे चिवट बंध, त्यांतील शेवटचा पिवळसर व विशेष चिवट. त्यापलीकडे चरबीने व बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली एक अरुंद जागा, मग एक कठीण आवरण, आणि त्याच्या आत तो पाण्यासारखा स्वच्छ द्रव. डाव्या-उजव्या बाजूला थोडे चुकले तर सुई हाडावर आपटते किंवा स्नायूत शिरते. अनुभवी डॉक्टरांच्या बोटांना हे थर ओळखू येतात. चांभाराच्या दाभणाला जाड चामडे आणि पातळ चामडे यांतला फरक कळतो, तसेच काहीसे हे आहे. कठीण आवरण भेदले जाते त्या क्षणी हाताला अगदी हलका झटका जाणवतो, आणि सळई मागे घेताच द्रवाचा थेंब बाहेर येतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. आज आपण ज्याला ‘इंजेक्शन’ म्हणतो ती सुई व पिचकारी १८५३ साली एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्सचे शार्ल प्रावाझ यांनी वापरात आणली. पेडणे महालातील मांद्रे गावाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले, ते १८५१ साली. म्हणजे या थोर धन्वंतरीने पदवी घेतली त्या वेळी आजचे इंजेक्शन अजून यावयाचे होते! पुढे १८९१ साली जर्मनीतील कील शहरी हाइन्रिश क्विंके यांनी कमरेतून सुई घालून द्रव काढण्याची रीत रूढ केली. त्याच शहरात १८९८ साली ऑगस्ट बीअर यांनी त्या वाटेने भुलीचे औषध घालून कमरेखालचे शरीर बधिर करून दाखविले. १९३०च्या दशकात इटलीचे दोलियोत्ती यांनी सुचविले की, सुईला जोडलेल्या पिचकारीच्या दट्ट्यावर हलका दाब देत पुढे जावे. चिवट बंध ओलांडून सुई मोकळ्या जागेत आली की दट्ट्याला होणारा रोध एकाएकी नाहीसा होतो. आजही भूलतज्ज्ञ हीच खूण मानतात. बोटाला लागणारा हा ‘रोध’ ध्यानात ठेवावा. थोड्या वेळाने हाच शब्द दुसऱ्या अर्थाने येणार आहे.

मग बोटे इतकी जाणती असताना यंत्राची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. ती गरज बोटे फसतात तेथे निर्माण होते. स्थूल व्यक्तीचे मणके हाताला लागत नाहीत. वृद्धांच्या मणक्यांतील फटी अरुंद झालेल्या असतात. गर्भवतीचे अंग सुजलेले असते आणि तिला पुरेसे वाकून बसता येत नाही. तान्ह्या मुलात तर सगळेच थर इतके नाजूक की तो झटका हाताला जाणवतोच असे नाही. अशा वेळी दोनदा, तीनदा, चारदा टोचावे लागते. सुई वाटेतल्या रक्तवाहिनीला लागली की द्रवात रक्त मिसळते आणि तपासणीचा निष्कर्ष गढूळ होतो. पांढऱ्या पेशींचा कर्करोग झालेल्या मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यांना या वाटेने पुनःपुन्हा औषध द्यावे लागते, आणि रक्तातील रोगट पेशी सुईबरोबर त्या स्वच्छ द्रवात जाऊ नयेत याची डॉक्टरांना चिंता असते.

आता विजेकडे वळू.

पेडणे तालुक्यातील आगरवाड्याची मिठागरे प्रसिद्ध आहेत. तेथील खारे पाणी आणि घरच्या विहिरीचे गोडे पाणी डोळ्यांना सारखेच दिसते. पण दोन्हींतून वीज पाठवून पाहिली तर खाऱ्या पाण्यातून ती सहज जाते, गोड्या पाण्यातून कष्टाने. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युत्‌भारित कण मोकळे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात तारतंत्री मीठ आणि कोळसा घालतो, आणि चैत्र-वैशाखात जमीन सुकली म्हणजे त्यात पाणी ओतावयास सांगतो, त्याचे कारण हेच.

डिचोलीच्या खनिजपट्ट्यातील आणि जांभ्या दगडाच्या प्रदेशातील मंडळींना आणखी एक दृश्य परिचयाचे असेल. कूपनलिका खणण्यापूर्वी भूजलाचे तज्ज्ञ येतात, एका ओळीत चार लोखंडी गज जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोन गजांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन गजांमध्ये विजेचा दाब किती येतो ते मोजतात. सुका कातळ विजेला अडवितो, ओली माती तिला वाट देते, आणि या आकड्यांवरून खाली काय असावे याचा अंदाज बांधला जातो. अमेरिकेच्या फ्रँक वेनर यांनी १९१५ साली चार गजांची ही पद्धत शास्त्रशुद्धपणे मांडली. फ्रान्समध्ये श्लुंबर्जे बंधू त्याच सुमारास या मार्गाने खनिजांचा शोध घेत होते. जमीन न फोडता जमिनीच्या पोटातले ओळखण्याची ही विद्या मानवी देहालाही लागू पडते, कारण देहातही ओले आहे, सुके आहे, खारट आहे आणि तेलकट आहे.

देहातील निरनिराळ्या पदार्थांचा एक सेंटिमीटर लांब-रुंद-उंच तुकडा कल्पनेने घेतला, तर विजेला त्याचा किती रोध होतो हे शास्त्रज्ञांनी मोजलेले आहे. समुद्राच्या पाण्याचा रोध सुमारे २० ओहम असतो. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा सुमारे ६०. रक्ताचा सुमारे १५०. स्नायूंचा काही शेकडे. आणि त्यातही गंमत अशी की लाकडाप्रमाणे स्नायूलाही धागा असतो, धाग्याच्या दिशेने वीज सहज जाते, आडवी जावयाची तर अडखळते. चरबीचा रोध दोन हजारांच्या घरात किंवा त्याहून अधिक. हे आकडे व्यक्तीनुसार व मोजण्याच्या रीतीनुसार कमीअधिक होतात. तरी चरबी आणि तो द्रव यांच्यातील अंतर तीस-चाळीस पटींचे आहे, आणि तो द्रव व रक्त यांतही दुपटीहून अधिक फरक आहे. सुईचे टोक चरबीतून कठीण आवरणाच्या पलीकडे गेले की विजेच्या दृष्टीने ते जणू सुक्या कातळावरून एकदम मिठागरात उतरते.

आणखी एक खूण आहे. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीला अत्यंत पातळ पडदा असतो. हा पडदा संथ गतीने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला अडवितो. असा प्रवाह पेशींच्या भोवतालच्या खाऱ्या पाण्यातून वळसा घेऊन जातो. दिशा फार जलद बदलणारा प्रवाह मात्र पडद्याला न जुमानता आरपार जातो. ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ साली अमेरिकेत रक्तपेशींवर असे प्रयोग करून त्या पडद्याची जाडी काढली होती. मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकी ती भरली. तेव्हा एकाच जागी संथ व जलद असे दोन्ही प्रकारचे प्रवाह पाठविले, तर तेथे पेशींची दाटी आहे की नुसता द्रव आहे हे कळू शकते. स्नायूत दोन्हींच्या मोजमापांत फरक पडतो. नितळ द्रवात पेशी जवळजवळ नसल्याने तो फरक अगदी अल्प असतो. विजेला होणाऱ्या या एकंदर अडथळ्याला ‘संरोध’ म्हणतात.

सुई आणि वीज यांची गाठ प्रथम पडली ती मात्र काहीशी वेगळ्या रीतीने. १९१२ साली जर्मन शल्यविशारद गेओर्ग पेर्थेस यांनी विद्युत्‌रोधक लेप दिलेल्या सुईतून सौम्य प्रवाह सोडून मज्जातंतू शोधण्याची कल्पना मांडली. सुई तंतूच्या जवळ आली की त्या तंतूच्या ताब्यातला स्नायू उडू लागतो. १९६२ साली अमेरिकेत ग्रीनब्लॅट आणि डेन्सन यांनी यासाठी हातात धरता येईल असे यंत्र बनविले. संपूर्ण भूल न देता केवळ हात किंवा पाय बधिर करून शस्त्रक्रिया करावयाची असते, तेव्हा हे यंत्र उपयोगी पडते. भूलतज्ज्ञ सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाहाने आरंभ करतात. बोटे उडू लागली की प्रवाह कमी करीत जातात. अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासही बोटे उडत असतील तर सुई तंतूच्या पुरेशी जवळ आली असे समजतात. त्याहून फारच अल्प प्रवाहाने हालचाल झाली तर सुई तंतूच्या आत शिरली असण्याची शंका घेऊन ती किंचित मागे ओढतात. येथे प्रवाहाचा आकडा हेच अंतर मोजण्याचे माप ठरले.

परंतु पाठीतला द्रव काही उडून दाखवीत नाही. त्याला ओळखावयाचे तर संरोधच मोजावा लागतो. नॉर्वेतील ऑस्लो येथील संशोधकांनी २००९ साली सुईच्या टोकाशी असलेले ऊतक, म्हणजे एकसारख्या पेशींचा थर, संरोधावरून ओळखण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. फिनलंडमधील तांपेरे शहरात याच तत्त्वावर कमरेत घालावयाची सुई तयार झाली. सुईच्या पोकळ नळीत जी सळई असते, तिच्यातून विद्युत्‌रोधक आवरणात गुंडाळलेली तार टोकापर्यंत नेलेली असते. ही तार एक ध्रुव आणि भोवतीची नळी दुसरा ध्रुव. यंत्र सेकंदाला अनेक वेळा टोकाशी असलेला संरोध मोजते, आणि तो मज्जारज्जूच्या द्रवाशी जुळताच आवाजाने व दिव्याने सूचना देते. फिनलंडच्या रुग्णालयांत मोठ्या माणसांवर तसेच लहान मुलांवर या सुईचा अनुभव घेण्यात आला आहे. फ्रान्समध्ये मणक्यात स्क्रू बसविण्यासाठी छिद्र पाडणारे असेच एक हत्यार बनले असून, त्याचे टोक हाडाच्या कडेबाहेर निघू लागले की त्याच्या आवाजाची पट्टी बदलते आणि शल्यविशारदाला कानांनी सावध करते.

हे सर्व परदेशांत घडले आणि आपल्याकडे काहीच झाले नाही, असा समज होऊ नये. देहाचा संरोध मोजून रोग ओळखण्याचे महत्त्वाचे काम आपल्या शेजारी मुंबईतच झालेले आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील जी. डी. जिंदाल प्रभृती शास्त्रज्ञांनी के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. जी. बी. पारुलकर यांच्यासारख्या शल्यविशारदांच्या सहकार्याने हातापायांतील रक्ताभिसरण विजेने मोजण्याची उपकरणे आणि पद्धती विकसित केल्या. त्यामागील तत्त्वांचे विवेचन करणारा त्यांचा लेख १९९० साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या मुंबईच्या नियतकालिकात आला. त्या पद्धतीत अंगावर चार पट्ट्या लावतात, बाहेरच्या दोन पट्ट्यांतून सौम्य प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन पट्ट्यांमध्ये दाब मोजतात. डिचोलीच्या माळावरचे चार गज येथे आपल्याला पुन्हा भेटतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पायात रक्त येते, रक्त विजेला वाट देते, म्हणून संरोध किंचित घटतो. कोठे रक्तवाहिनी तुंबली असेल तर ही घट मंद पडते. यात सुई टोचावी लागत नाही आणि रक्ताचा थेंबही काढावा लागत नाही. सुईच्या टोकाचे शास्त्र याच कुळातले आहे.

या साधनाची थोरवी सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. टोक जेथे आहे तेथील खूण ते देते; पुढे काय आहे आणि कोणत्या दिशेला वळावे, हे सांगत नाही. आंधळ्याच्या काठीने पायाखालचा खड्डा कळतो, गावाचा रस्ता कळत नाही. दिशेसाठी मणके चाचपणारी बोटे हवीतच, आणि अलीकडे ध्वनिलहरींनी आतले चित्र दाखविणाऱ्या सोनोग्राफीची मदत हवी. वाटेत बधिर करणारे औषध टोचले तर तेही खारट पाणीच असल्याने यंत्र काही क्षण फसू शकते. शिवाय एकदाच वापरून टाकून द्यावयाची अशी सुई साध्या सुईहून महाग पडते. यास्तव ग्रामीण रुग्णालयात नित्याच्या कामी आजही साधी सुई आणि जाणता हातच चालतो, आणि बहुसंख्य रुग्णांना तेवढे पुरते. अवघड रुग्णासाठी दुसरी एक ज्ञानेंद्रिय-शक्ती हाताशी असावी, एवढाच या शोधाचा दावा आहे.

विजेचे नाव निघाले की घरोघरी पहिला प्रश्न येतो तो झटक्याचा. आपल्या घरातील नऊ वॅटचा साधा दिवाही ४० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. मज्जातंतू शोधणाऱ्या यंत्राचा अर्धा मिलिअँपिअर त्याच्या ऐंशीव्या हिश्शाइतका भरतो. संरोध मोजणारा प्रवाह तर त्याहूनही पुष्कळ लहान, मायक्रोअँपिअरच्या मापातला असतो, आणि तो इतक्या जलद दिशा बदलतो की रुग्णाला त्याची जाणीवही होत नाही.

आणि त्या धरलेल्या कमरेचे काय? सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखणे साहजिक आहे. परंतु बाळंतपणानंतर रेंगाळणारी कंबरदुखी, पाठीत सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही स्त्रियांत सारख्याच प्रमाणात आढळते, असे शास्त्रीय पाहण्यांतून दिसून आले आहे. नऊ महिने वाढलेले ओझे, सैल झालेले सांधे, मुलाला उचलणे, वाकून करावयाची कामे, ही तिची खरी कारणे. सुई तेवढी लक्षात राहते. डोकेदुखीची तक्रार मात्र खरी आहे. आवरणाला पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपला तर डोके दुखते, उठून बसले की वाढते आणि आडवे झाले की उतरते. बहुधा ती काही दिवसांत थांबते, तीव्र असल्यास तिच्यावर इलाज आहे, आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या आकाराच्या बारीक सुयांमुळे तिचे प्रमाण पुष्कळ कमी झाले आहे. जी गोष्ट खरी आहे ती लपविली की लोक खोट्या गोष्टींवरही विश्वास ठेवू लागतात, म्हणून हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

तसेच प्रत्येक रुग्णाला ही सुई देता येते असेही नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या, रक्तस्रावाचा आजार असला, सुईच्या जागी गळू किंवा पुरळ असले, अथवा मेंदूतील दाब वाढल्याचे चिन्ह असले, तर डॉक्टर ती पुढे ढकलतात किंवा टाळतात. गोळ्यांची माहिती घरच्यांनी आपण होऊन सांगितली पाहिजे. डॉक्टरांनीही एक गोष्ट मनावर घेणे जरूर आहे. छापील संमतीपत्र, तेही बहुधा इंग्रजी, पुढे करून बोटाने सहीची जागा दाखविणे, याला समजावून सांगणे म्हणत नाहीत. सुई कोणत्या जागी जाणार, मज्जारज्जू कोठे संपतो, द्रव किती काढणार, हे आजीला कळेल अशा भाषेत सांगावयास पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांच्या अभावी घरातली मंडळी रात्रभर आपसात चर्चा करीत बसतात, आणि नुकसान होते ते मुलाचे. गावातील आरोग्यसेविका आणि शिक्षक हे सर्वांच्या विश्वासातले असतात. अशा प्रसंगी घरच्यांबरोबर त्यांच्यापैकी कोणी असले तर हे काम अधिक सुकर होते.

पणजीत १८४२ साली स्थापन झालेली जुनी वैद्यकशाळा १९६३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली आणि आज ती बांबोळीस आहे. पेडण्याहून किंवा डिचोलीहून तेथवर मूल पोहोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. दारात पोहोचल्यावर आणखी वेळ दवडणे त्या मुलाला परवडणारे नसते.

शिक्षक बंधुभगिनींना यातील तत्त्व वर्गात दाखविता येईल. त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर, चार स्वच्छ खिळे आणि दोन बटाटे एवढे साहित्य पुरे. भिंतीतल्या विजेशी मात्र या प्रयोगाचा काडीमात्र संबंध येऊ देऊ नये. प्रथम एका वाटीत विहिरीचे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी आणि तिसरीत खोबरेल तेल घेऊन, खिळ्यांतील अंतर सारखे ठेवून, प्रत्येकाचा रोध मोजावा. तेलात यंत्र मुळी हलतच नाही, मिठाच्या पाण्यात रोध सर्वांत कमी दिसतो. नंतर सारख्या आकाराच्या दोन बटाट्यांपैकी एक कच्चा ठेवावा, एक उकडून थंड करावा, आणि दोहोंत तितक्याच अंतरावर व तितकेच खोल खिळे खुपसावे. उकडलेल्यात रोध कमी भरतो, कारण उष्णतेने पेशींचे पडदे फाटून आतले खारट पाणी मोकळे झालेले असते. मोजताना आकडा स्थिर राहत नाही, हळूहळू सरकत जातो, हे एखाद्या चौकस मुलाच्या लक्षात येईलच. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे खिळ्यांच्या अंगावर विद्युत्‌भारित कण साचत जातात, म्हणून असे होते. आणि सुईच्या टोकाशी दिशा बदलणारा प्रवाह का वापरतात, याचे एक उत्तर त्या मुलाला तेथेच मिळते.